शरयूचं कोरडं वजन

“रामूला तुम्ही साठ दिलं होतं ना?” कुरणे सरांनी माझ्या स्क्रीनवर खडू टेकवला. “आणि शामूला सत्तर. मग दोघंही सत्तर कसे झाले? रामूनं दोन मिनिटांत पुरणपोळ्या हाणल्या की काय?”

वर्ग खदखदून हसला. बारा पोरंपोरी, सगळी कॉलेजातली, आणि त्यांच्यात मी एकटी नोकरीवाली, चोवीस वर्षांची घोडी. मी चिडलेच.

“सर, प्रोग्रॅम बरोबर आहे. माझा असाच प्रोग्रॅम आठवडाभर आमच्या हॉस्पिटलात चालतोय. एकदाही चुकला नाही.”

“असाच? इथं लिहिलाय तस्साच?”

“अगदी अस्साच.”

सर हसायचे थांबले. शेजारची खुर्ची ओढून बसले आणि माझा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. सांगलीतल्या त्या क्लासमध्ये मी दर शनिवारी जावा शिकायला जात होते. त्या दिवशी पहिली परीक्षा होती आणि प्रश्न अगदी बाळबोध होता. ‘माणूस’ नावाचा क्लास लिहा, त्यात नाव आणि वजन ठेवा, त्याचे दोन ऑब्जेक्ट करा, मग दोघांचीही माहिती छापा. मी दहा मिनिटांत लिहून हात वर केला होता. दीडशहाणी ना मी!

“हे काय?” सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “वजनाच्या मागं स्टॅटिक कशाला लावलंत?”

“चूक दाखवणारी लाल ओळ येत होती. स्टॅटिक लावलं की जाते.”

“कुणी सांगितलं?”

“सगळेच लावतात की.”

मागच्या बाकावर दोघीतिघी गुपचूप आपापलं स्टॅटिक पुसायला लागल्या. सरांनी कपाळाला हात लावला.

“तुमच्या हॉस्पिटलातलंच सांगतो, म्हणजे डोक्यात बसेल. क्लास म्हणजे छापखान्यातून आलेला कोरा केसपेपर. नाव, वजन, नुसते रकाने. ‘न्यू’ म्हटलं की गठ्ठ्यातला एक कागद काढला आणि एका माणसाच्या नावानं भरला. तो ऑब्जेक्ट. दोन माणसं, दोन कागद. बरोबर?”

“बरोबर.”

“पण तुम्ही वजनाला स्टॅटिक लावलंत. म्हणजे वजन कागदावर लिहिलंच नाही. भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं. फळा सगळ्यांना मिळून एकच. शामूचं वजन लिहिलंत, तेव्हा रामूचं पुसलं गेलं.”

“मग आमच्याकडे आठवडाभर बरोबर कसं येतंय?”

“एकेक पेशंट भरून लगेच छापत असाल. तोवर फळ्यावर त्याचंच वजन असतं. एकदा दोन पेशंट एकदम भरा आणि मग छापून बघा. फजिती होईल.”

त्याच दिवशी सकाळी मी दोन पेशंट एकदम भरून आले होते.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

मी तेव्हा जयसिंगपुरात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात डायलिसिस टेक्निशियन होते. चार खाटा, चार मशीनं. ज्यांच्या किडन्या गेल्यात त्यांना लघवी होत नाही, प्यालेलं पाणी अंगातच साठतं. मशीन रक्त धुतं आणि ते साठलेलं पाणीही काढतं. किती काढायचं याचं गणित सोपं. माणसाचं जादा पाणी नसतानाचं वजन, म्हणजे कोरडं वजन, डॉक्टर ठरवून देतात. आजच्या वजनातून ते वजा केलं की उरेल तेवढं पाणी काढायचं. कमी काढलं तर धाप लागते. जास्त काढलं तर मात्र रक्तच आटतं, बी.पी. कोसळतं आणि माणूस खाटेवरच्या खाटेवर जाऊ शकतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वजाबाकीला कॉम्प्युटर कशाला? सालोमी सिस्टरही हेच म्हणाल्या होत्या. अठरा वर्षं त्या डायलिसिसला होत्या, आणि लाल पुठ्ठ्याच्या एका रजिस्टरात प्रत्येकाचं कोरडं वजन लिहून बोटावर वजाबाकी करायच्या. पण कुणीतरी ट्रस्टला कॉम्प्युटर देणगी दिला होता, तो प्लास्टिकच्या झाकणाखाली पडून होता, आणि मला नवीन विद्येचा माज चढला होता. मी ‘पेशंट’ नावाचा क्लास लिहिला. आयुष्यातला पहिला क्लास! नाव, कोरडं वजन आणि आजचं वजन टाकलं की प्रिंटरमधून स्लिप यायची. तीनच ओळी. नाव, आजचं वजन, काढायचं पाणी. कोरडं वजन मी स्लिपवर छापलंच नव्हतं. सुटसुटीत दिसावं म्हणून.

डॉक्टर हेरवाडे खूश झाले. मी त्यांच्याकडून लगेच फर्मान काढून घेतलं, सोमवारपासून रजिस्टर बंद.

“राहू दे की गं महिनाभर दोन्ही,” सालोमी सिस्टर म्हणाल्या होत्या.

“दोन्हीकडे लिहायचं तर कॉम्प्युटर कशाला, सिस्टर? तुमचा विश्वास नाही म्हणा की सरळ.”

त्यांनी रजिस्टर कपाटात ठेवून दिलं. मला वाटलं, नाकाला मिरच्या झोंबल्या असतील.

आणि त्या शनिवारी मला परीक्षेला नऊलाच निघायचं होतं. सकाळच्या पाळीचे पेशंट मी रोजच्यासारखे एकेक करून उरकले. पण अकराच्या पाळीचे दोघे यायचे होते. शरयू ऐनापुरे आणि बंडोपंत खोत. मी दोघांचीही नावं आणि कोरडी वजनं आधीच भरून ठेवली. आधी शरयू, बावन्न किलो. मग बंडोपंत, एकोणपन्नास.

“आल्यावर नुसतं आजचं वजन टाका आणि एंटर मारा,” मी सिस्टरना म्हटलं. “शेंबडं पोरसुद्धा करील.”

हे असं बोलले होते मी. आईच्या वयाच्या बाईला.

शरयू एकोणीस वर्षांची. डी.एड.च्या पहिल्या वर्षाला असताना किडन्या गेल्या. आमच्याकडे येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. तिचं कोरडं वजन डॉक्टर अजून ठरवतच होते, दर फेरीला थोडं बदलत होते, त्यामुळे ते ना तिला पाठ होतं ना सिस्टरना. पाण्याच्या बाबतीत मात्र ती कडक. बाकीचे पेशंट चोरून बर्फ खायचे, ऊस चघळायचे. ही दिवसाला चार फुलपात्री मोजून प्यायची आणि वहीत मांडून ठेवायची. दीड किलोच्या वर एकदाही वाढून आली नाही.

दीड किलो. म्हणजे आज साडेत्रेपन्न भरेल. साडेत्रेपन्नमधून बावन्न गेले दीड. पण माझ्या फळ्यावर आता बंडोपंतांचे एकोणपन्नास होते. साडेत्रेपन्नमधून एकोणपन्नास गेले साडेचार. तीन लिटर पाणी जास्त, त्या काटकुळ्या पोरीच्या अंगातून.

“सर, मी जाते,” म्हटलं.

“अहो, पेपर तर द्या!”

मी जिना उतरले होते. जिन्याखाली रुपयाचा लाल फोन होता. मोबाईल तेव्हा माझ्याकडे नव्हता. घाईत पहिलं नाणं खालीच पडलं. डायलिसिसला वेगळा फोन नव्हता, हॉस्पिटलच्या ऑपरेटरलाच सांगावं लागायचं. ती नवीन लागलेली मुलगी होती.

“सालोमी सिस्टरना बोलाव.”

“त्या आत्ताच पेशंट घेतायत. कोण बोलतंय?”

“सुनेत्रा. सुनेत्रा मगदूम. त्यांना म्हणावं माझा फोन होता. मी निघालेय सांगलीहून.”

तिनं आणखी एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, फोन ठेवला आणि पळत सुटले.

कोल्हापूर रोडला शिटं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा उभ्या असायच्या. पहिल्या जीपमध्ये घुसले. ड्रायव्हर बाहेर तंबाखू मळत उभा.

“चला की हो मामा!”

“दोन शिटं भरली की हललोच बघा.”

“जीव जायची वेळ आलीय एकाचा!”

“प्रत्येकाचा जातोय ताई घाईला,” तो म्हणाला आणि चुना चोळत राहिला. पण माझ्या तोंडाकडे बघून की काय, त्यानं मळलेली चिमूट तशीच गालात ठेवली आणि जीप काढली. तो भला माणूस होता, एवढं मात्र म्हणेन.

अंकलीच्या पुलापर्यंत ठीक गेलो. पुलावर उसाच्या ट्रॉलीचं चाक निखळलं होतं. पुढं ट्रॉल्या, मागं एस.टी., मध्ये मोटरसायकली, आणि सगळे मिळून हॉर्न वाजवतायत. सव्वाअकरा झाले. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांच्या खिशात मोबाईल दिसला. मागितला. त्यांनी दिला. लावला तर एंगेज. पुन्हा लावला. पुन्हा एंगेज.

“घरात कुणी आजारी आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. पुढं काय सांगणार होते? मी एक शब्द जास्त लिहिलाय, आणि त्यापायी एक मुलगी मरेल?

मी उतरले आणि पूल पळत ओलांडायला लागले. उसाच्या पाचटावरून पाय घसरत होता. डोक्यात नुसता हिशोब चालू. अकराला मशीन लावलं असेल तर ताशी एक लिटरच्या वर, आणि एवढा वेगच तिच्या अंगाला झेपायचा नाही. आतापर्यंत इतकं गेलं. आता इतकं. अजून तिला कळत नसेल. अजून अर्ध्या तासानं पोटऱ्या वळायला लागतील. मग जांभया येतील. डायलिसिसमध्ये जांभई वाईट. मेंदूला रक्त कमी पडायला लागलं की माणूस जांभया देतो, हे मला सालोमी सिस्टरनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

पुलापलीकडे एक दूधवाला एम-एटी गाडीवर रिकामे कॅन घेऊन निघाला होता. मी आडवीच झाले त्याला.

“अवो बाई, मराल की!”

“जयसिंगपूर. हॉस्पिटल. दादा, हात जोडते.”

दोन कॅनच्या मध्ये बसून गेले. उदगावच्या फाटकाला गेट पडलं होतं. मालगाडी. डबे मोजायची नाही असं ठरवलं तरी मोजलेच. बावन्न होते की नाही ते आठवत नाही, पण मला तेव्हा सगळीकडे बावन्नच दिसत होते.

हॉस्पिटलच्या पायऱ्या चढले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. डायलिसिसच्या दाराबाहेर बाकावर शरयूची आई बसली होती. नांदणीकडची बाई, शेतात कामाला जाणारी. दर खेपेला मला बघून हसायची. त्या दिवशी तिनं मान वर केली नाही. पदर तोंडाला लावून बसली होती.

मी चपलांसकट आत घुसले.

सालोमी सिस्टर दाराकडे पाठ करून बंडोपंतांच्या हातावर ओणवल्या होत्या, त्यांच्या सुईतून रक्त झिरपत होतं. पलीकडच्या खाटेवर शरयू भिंतीकडे तोंड करून पडली होती. चादर पार डोक्यावरून. तिच्या मशीनवर आकडा होता, चार पूर्णांक पाच.

“सिस्टर! शरयूचं पाणी बंद करा! स्लिप चुकलीय!”

त्या वळायच्या आत मी मशीनपाशी पोचून पाणी काढणं बंद केलं आणि चादर ओढली.

आई गं! पोरीचा चेहरा पिठासारखा पांढरा. घामानं उशी भिजलेली. तिनं माझ्याकडे बघून जांभई दिली, मोठी, आणि म्हणाली, “ताई, मला दिसत नाहीये नीट.”

“सिस्टर, सलाइन!”

सालोमी सिस्टरनी काय झालं, कसं झालं, एक अक्षर विचारलं नाही. बंडोपंतांच्या हातावर त्यांचाच दुसरा हात दाबून दिला, “काका, घट्ट धरा,” म्हणाल्या आणि दोन ढांगांत आल्या. मी पायथा वर केला. त्यांनी सलाइन पूर्ण सोडली. बी.पी.चा पट्टा फुगला, उतरला. सत्तर. वरचं सत्तर.

“शरयू! ए शरयू! डोळे उघड! नाव सांग तुझं!”

ती काहीतरी पुटपुटली. मग डोळे पांढरे झाले आणि मान एका बाजूला पडली.

पुढच्या पाच-सहा मिनिटांचं मला सलग आठवत नाही. डॉक्टर हेरवाडे पळत आले होते. सिस्टर तिच्या छातीवर ओणवून गालावर चापट्या मारत होत्या. मी सलाइनची दुसरी बाटली लावताना नळी दोनदा चुकले आणि सिस्टरनी माझ्या हातातून ओढून घेतली. पंचावन्न. पुन्हा पट्टा फुगला. साठ. मी मनात कुणाकुणाला नवस बोलले, काही नेम नाही. अठ्ठ्याहत्तर. मग नव्वद.

शरयूनं डोळे उघडले आणि बाजूला ओकली. ते बघून मला इतका आनंद आयुष्यात कशाचा झाला नव्हता.

डॉक्टरांनी सगळं शांत झाल्यावर मशीनवरचा आकडा पाहिला. “हिला साडेचार कुणी लावलं?”

“मी लावलं,” सालोमी सिस्टर म्हणाल्या.

“स्लिपवर तसं होतं, डॉक्टर,” मी म्हटलं. “प्रोग्रॅम माझा. दोन पेशंट एकदम भरले की तो पहिल्याला दुसऱ्याचं कोरडं वजन लावतो. मला आज सकाळी क्लासमध्ये कळलं. कळल्या कळल्या आले मी.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं. “प्रिंटर बंद करा. रजिस्टर काढा,” एवढंच म्हणाले आणि शरयूची नाडी धरून तिथंच स्टुलावर बसले.

सालोमी सिस्टर मला हात धुवायच्या बेसिनपाशी घेऊन गेल्या. त्यांच्या बाहीवर ओकारी उडाली होती, ती धूत धूत हळू आवाजात बोलल्या.

“स्लिप बघून मलाही वाटलं होतं, साडेचार? आणि ही पोरगी? पण तू म्हणाली होतीस ना, विश्वास नाही म्हणा. म्हटलं, आपण जुनी माणसं, आपलंच चुकत असेल. मग तिलाच झापलं. किती पाणी ढोसलंस गं? ती शपथा घ्यायला लागली. वही दाखवायला लागली. मी तिच्या आईला आत बोलावलं. आईनं सगळ्यांसमोर फाडकन मुस्काटात मारली तिच्या.”

“सिस्टर...”

“ऐक. तरी ती नाहीच म्हणत होती. आईनं दुसरा हात उगारला तेव्हा म्हणाली, हो, प्याले. कळशीभर प्याले. मग चादर घेतली डोक्यावर. म्हटलं, पडू दे रुसून. म्हणून कुणाला तिचं तोंड दिसलं नाही.”

नळ चालूच होता. त्यांनी बंद केला.

“ती ऑपरेटर आली होती सांगायला, तुझा फोन आला होता म्हणून. अकराला पाच कमी असतील. शरयू नुकती काट्यावरून उतरली होती. सुई माझ्या हातात होती, टोचली नव्हती.” त्यांनी माझ्या डोळ्यात बघितलं. “मी तिला विचारलं, काय म्हणत होती? ती म्हणाली, मी विचारलं त्यांना अर्जंट आहे का. तर म्हणाल्या, नाही, अर्जंट असं काही नाही.”

ते मी म्हटलं होतं. लाल फोनवरचा शेवटचा प्रश्न तोच होता. अर्जंट आहे का काही? आणि मी म्हटलं होतं, नाही, अर्जंट असं काही नाही. तोंडाशी आलं होतं, शरयूला मशीन लावू नका म्हणावं, माझा प्रोग्रॅम चुकलाय. पण ते म्हटलं की त्या मुलीच्या तोंडून पाच मिनिटांत हॉस्पिटलभर होणार, रजिस्टर बंद करणारी तोंडावर आपटली म्हणून. मला वाटलं, आपण स्वतः पोचू, गुपचूप आकडा बदलू, कुणाला कळणारसुद्धा नाही. तासभर मी जीपमध्ये, पुलावर, दुधाच्या कॅनच्या मध्ये जी धडपड केली, ती सगळी एका वाक्याची किंमत वाचवायला होती. आज मी स्वतः पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवते, स्टॅटिक शिकवते, आणि हा फोन त्यांना आजवर सांगितलेला नाही.

“सिस्टर, मी...”

“मला नको सांगूस,” त्या म्हणाल्या आणि बंडोपंतांकडे गेल्या.

मी शरयूच्या खाटेपाशी गेले. तिचे ओठ सुकले होते. गालावर अजून बोटं उठलेली दिसत होती.

“शरयू, माझी चूक होती गं. तुझं वजन मी चुकीचं लावलं. तू फक्त दीडच किलोनं वाढली होतीस.”

ती छताकडे बघू लागली. मला वाटलं, रडेल, शिव्या देईल. देऊ दे, म्हटलं.

“म्हणजे मी पाणी प्याले नव्हते ना?” तिनं विचारलं.

“नव्हतीस.”

“मलाच वाटायला लागलं होतं, झोपेत प्याले की काय.” तिनं श्वास घेतला. “आईला सांगा.”

मी बाहेर गेले. शरयूची आई, आमच्या मावशी, बाकावरून उठून दाराला कान लावून आतली पळापळ ऐकत उभ्या होत्या.

“जिवंत हाय न्हवं?”

“आहे, मावशी. बरी आहे. बोलतेय.” मग मी त्यांना सांगितलं. क्लास, ऑब्जेक्ट यातलं काही नाही. एवढंच सांगितलं की कागदावरचा आकडा मी चुकवला, शरयू पाणी प्याली नव्हती, ती खरं बोलत होती.

“पर ती व्हय म्हनाली की मला.”

“तुम्ही मारलंत म्हणून म्हणाली.”

मावशींनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तो लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला. मला वाटलं, आता तो माझ्या तोंडावर बसणार. मी तोंड वळवलं नाही.

“झालं सांगून?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मला येकलीला सांगून काय उपेग? मी पोरीला समद्यांम्होरं मारलं. समद्यांम्होरं खोटी पाडली तिला.” त्यांनी माझा दंड धरला, चांगला घट्ट. “चल आत. तूबी समद्यांम्होरं सांग.”

सकाळच्या पाळीतले दोघे अजून मशीनवरच होते, त्यामुळे आत चारही खाटा भरलेल्या होत्या. डॉक्टर स्टुलावर होते. सिस्टर कपाटातून रजिस्टर काढत होत्या. ऑपरेटर मुलगीही गडबड ऐकून दारात येऊन उभी राहिली होती. मावशींनी मला बरोबर मधोमध आणून सोडलं.

“शरयू पाणी प्याली नव्हती,” मी म्हटलं. “चूक माझी होती. मला अकराच्या आधीच कळली होती. मी फोनवर सांगितली नाही. लाज वाटली म्हणून.”

बंडोपंतांनी कानामागं हात धरला.

“काय म्हनतीया ती? मला ऐकू आलं न्हाई.”

“मोठ्यानं सांग की,” मावशी म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, पहिल्यापासून. शरयू माझ्याकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती.